सिलिकॉनची मदार बाइंडरवर

मोबाइल असो वा विजेवरची स्कूटर, लिथियम-आयन बॅटरीच्या ऋणाग्रात आजही मुख्यतः ग्राफाइटच असते. एक ग्रॅम ग्राफाइट फार तर ३७२ मिलीअँपिअर-तास विद्युतभार साठवते. तेवढेच सिलिकॉन साडेतीन हजारांच्या वर. तरीही बहुतेक उत्पादक ग्राफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळून थांबतात, कारण ते फुगते. चार्जिंगमध्ये लिथियम आत शिरले की सिलिकॉनचा कण जवळपास चौपट होतो आणि डिस्चार्ज होताना पुन्हा आक्रसतो. हे वारंवार घडले की कणांना तडे जातात, ते ज्यावर बसवलेले असतात त्या तांब्याच्या पत्रीपासून सुटतात. उघड्या पडलेल्या प्रत्येक नव्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून बनलेला थर चढतो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते.

कणांना धरून ठेवतो तो बाइंडर. वजनाने तो काही टक्केच, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. पूर्वापार वापरातले पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड सिलिकॉनला नुसते वरवर चिकटते. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचे कार्बॉक्सिल गट मात्र सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी हायड्रोजन बंध जोडतात. ते ताणाखाली तुटले तरी पुन्हा जुळू शकतात. शिवाय ही दोन्ही पाण्यात विरघळत असल्याने विषारी द्रावक टळतो. २०११मध्ये तपकिरी समुद्रशैवालातले अल्जिनेटही या कामी उपयोगी ठरले. २०१७मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘काइस्ट’मधील संशोधकांनी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाला पॉलिरोटॅक्सेनची जोड दिली. त्यातल्या कड्या रेणूच्या धाग्यावरून कप्पीसारख्या सरकतात, त्यामुळे ताण एका जागी न साचता वाटला जातो. कल्पना देखणी आहे आणि आमच्या मते दिशाही योग्य आहे.

मात्र प्रयोगशाळेतले आकडे पारखूनच घ्यावे लागतात. अनेक चाचण्यांत समोरचे अग्र लिथियम धातूचे असते. तिथे लिथियमची ददात नसल्याने दर फेरीत होणारी गळती झाकली जाते. खऱ्या बॅटरीत ती लगेच जाणवते. त्यातच बाइंडर वाढवला की सिलिकॉनचा वाटा घटतो.

बॅटरीनिर्मितीसाठी केंद्राने २०२१मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. गवारीच्या डिंकाचे सर्वाधिक उत्पादन भारतातच होते आणि सिलिकॉनसाठी बाइंडर म्हणून त्याच्यावर प्रयोगही झाले आहेत. कारखान्यांसाठी पैसा उभा राहत असताना बाइंडरसारख्या रसायनांच्या संशोधनालाही स्वतंत्र निधी द्यावा आणि त्या रसायनांची चाचणी पूर्ण बॅटरीतच व्हावी, अशी अट सरकारने घालावी.