राखीव जागांचा हिशेब

लोकसभेत व विधानसभांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची घटनेतील मुदत जानेवारी 2030 मध्ये संपावयाची आहे. ती पुन्हा वाढेल की नाही, याचे तर्क लढवीत बसण्यापेक्षा या व्यवस्थेने काय साधले व काय साधले नाही, याचा हिशेब मांडणे अधिक शहाणपणाचे होईल. तो मांडताना दोन जुन्या पराभवांचे स्मरण अपरिहार्य आहे.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. घटनेच्या मसुदा समितीचे हे अध्यक्ष काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांजकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत भाऊराव बोरकरांनी त्यांस पुन्हा हरविले. त्याच भंडाऱ्यात सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता मात्र निवडून आले. मतदार तेच, कौल मात्र निराळा!

याचे सारे खापर जातिद्वेषावर फोडणे न्यायाचे होणार नाही. काँग्रेसचे बळ त्या काळी अफाट होते, आणि विजयी झालेले दोन्ही उमेदवार दलितच होते. तथापि खरी मेख येथेच आहे. जागा दलितांची; परंतु त्या जागेवर कोणता दलित बसावा, हे ठरविणार इतरेजनांचे बहुमत! 1932 च्या पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ पत्करले, तेव्हाच हा प्रश्न जन्मास आला. 1937 साली मुंबई इलाख्यात मतदारास आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, विख्यात गोलंदाज पी. बाळू यांचा पराभव केला होता. 1952 साली ती सोय उरली नव्हती.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या विधिमंडळाचे काही मतदारसंघ असेच बहुसदस्य होते. तेथे गोरे मतदार एकवटत आणि काळ्या नागरिकांच्या पसंतीचा उमेदवार पडे. 1986 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील बहुतेक मतदारसंघ मताधिकार कायद्याविरुद्ध ठरविले. त्या खटल्यात केवळ उमेदवाराच्या कातडीचा रंग पाहून भागले नाही. तो कोणाच्या पसंतीचा, हे पाहावे लागले. आपण 1961 साली द्विसदस्य मतदारसंघ रद्द केले खरे; परंतु हा दुसरा प्रश्न आपण विचारलाच नाही.

संयुक्त मतदारसंघ मोडावेत, असे आमचे म्हणणे नाही. जातवार मतपेट्यांनी समाजाची शकले होतील. उलट, संयुक्त मतदारसंघाचा मूळ हेतू सफल व्हावा, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांपैकी 29 अनुसूचित जातींसाठी व 25 जमातींसाठी राखीव आहेत. उरलेल्या 234 जागा सर्वांच्या आहेत, असे कायदा म्हणतो. व्यवहार काय म्हणतो? ओझरचा विघ्नहर ज्या जुन्नर मतदारसंघात आहे तो, आणि शेजारचा आंबेगाव, हे दोन्ही खुले आहेत. त्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळ्यांची गावेच्या गावे आहेत. प्रचाराच्या जीपगाड्या तेथे मतांसाठी चढतात. उमेदवार शोधण्यासाठी कोणी चढतो काय?

राखीव जागा हे दार होते. पक्षांनी त्याचे कुंपण करून टाकले. दलित व आदिवासी कार्यकर्त्यास त्या 54 जागांत बसवावयाचे आणि उरलेल्या जागांवरून त्याचे नाव आपोआप खोडावयाचे, हा शिरस्ता झाला आहे. 2030 पूर्वी प्रत्येक पक्षाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: खुल्या जागांवर आपण किती दलित आणि किती आदिवासी उभे केले? ज्या दिवशी हे उत्तर देताना पुढाऱ्यांस मान खाली घालावी लागणार नाही, त्या दिवशी राखीव जागांची गरज संपली असे खुशाल म्हणावे. तोपर्यंत तसे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही.