रेतीवरची अंडी आणि रेतीचा व्यापार

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा मात्र आहे. होळी सरली की पूर्णेचे पात्र आक्रसू लागते, खडकपूर्णेवरील संत चोखासागराचे पाणी मागे हटते आणि रेतीचे व गाळाचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, टिटवी, कंठेरी चिखल्या हे पक्षी अशाच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटे म्हणजे केवळ एक उथळ खळगा, त्यात रेतीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. शत्रूच्या नजरेतून वाचविणारा हा रंगच माणसाच्या पायाखाली त्यांचा घात करतो. पाय पडला नाही तरी धोका टळत नाही. वैशाखातील भर दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. पोटाची पिसे पाण्यात भिजवून तो अंडी थंड राखतो. माणूस, कुत्रे किंवा ट्रॅक्टर जवळपास रेंगाळत राहिले आणि पक्षी वर घिरट्या घालीत राहिला, तर तेवढ्या अवधीत अंड्यातील जीव उन्हाने मरतो.

माणसांना प्यावयास पाणी नाही तेथे पक्ष्यांचे कौतुक कशाला, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर त्याच रेतीत आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे. तेथे नदीच्या रेतीत मुरून राहणाऱ्या पाण्याचे मोल गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. रेती गेली की पक्ष्याचे घर जाते आणि गावाचा ओलावाही जातो.

लोकशिक्षण हवे, यात वाद नाही. मात्र शिक्षण कोणाचे, हा खरा मुद्दा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अंडी फोडणे वा घरट्यास उपद्रव देणे हेदेखील शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. या कायद्याचा धाक कोणाला दाखविला जाईल? मेंढपाळाला, भोयाला, पात्रात डांगरवाडी लावणाऱ्या भूमिहीन कुटुंबाला. वास्तविक त्यांना शिकविण्यासारखे थोडेच आहे. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावणारा शेतकरी टिटवीने अंडी उंचावर घातली की सखलात, यावरूनही पावसाचा अंदाज बांधतो. अंदाज खरा की खोटा हे येथे अप्रस्तुत. अंडी कोठे आहेत हे तो पाहतो, एवढे पुरे. चंबळेच्या काठी पाणचिरा पक्ष्याच्या वसाहती वाचविण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गावकऱ्यांनाच राखणदार केले, ते याच जाणिवेतून.

अडाणीपण आहे ते कचेरीत. पावसाळ्यात रेतीउपशाला बंदी असते, आणि ती योग्यच आहे. परंतु या पक्ष्यांची वीण फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे नेमकी उपशाच्या ऐन हंगामात! शासनाने २०२३ साली रेती सरकारी डेपोतून विकावयाचे ठरविले, २०२५ साली पुन्हा लिलावाची वाट धरली. पद्धत बदलली, हंगाम तोच राहिला. ब्रासमागे किती स्वामित्वधन मिळाले याचा हिशेब ठेवला जातो. आटलेली विहीर आणि चिरडलेली वीण यांना त्या जमाखर्चात रकानाच नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या मराठीत, नफा ठेकेदाराचा आणि तोटा गावाचा.

वाळूउपशासाठी जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार करणे २०१६ पासून बंधनकारक आहे आणि त्याचा मसुदा हरकतींसाठी एकवीस दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. या एकवीस दिवसांत आपल्यापैकी किती जण तो वाचतात? मलकापूर, नांदुरा, संग्रामपूर, देऊळगाव राजा येथील साथींनी येत्या फाल्गुनात शाळेतील मुले आणि डांगरवाडीवाले यांना बरोबर घेऊन विणीचे पट्टे लांबूनच हेरावेत, दुपारी तिकडे फिरकू नये, आणि गट क्रमांकासह त्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडून हरकत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखल करावी. निदान त्या पट्ट्यांवर ज्येष्ठ संपेपर्यंत एकही ट्रॅक्टर उतरता कामा नये, ही मागणी आहे.