ब्लँचिंगवर अवशेषांचा भार नको

पालेभाजी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून लगेच गार पाण्यात काढण्याची प्रक्रिया म्हणजे ब्लँचिंग. त्याने कीटकनाशकांचे अवशेष निघून जातात, असा सल्ला हल्ली अनेकदा ऐकू येतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला अपुरा आहे आणि पोषणाच्या दृष्टीने महाग आहे.

क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळतात व उष्णतेने नाश पावतात. पाणी जास्त, वेळ जास्त आणि पाने बारीक चिरलेली, की हानीही मोठी. फेनॉलवर्गीय अँटिऑक्सिडंटही त्याच पाण्यात उतरतात. बीटा-कॅरोटीनचे तसे नाही. ते पाण्यात विरघळत नाही. पेशीभित्तिका सैल झाल्याने शरीराला ते अधिक सहज मिळते, भाजीला तेलाची फोडणी असेल तर विशेषच. पालकातील विद्राव्य ऑक्झलेटही पाण्यात जाते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने ते पाणी टाकून देणेच योग्य. इतरांनी का टाकावे?

पाने वाळवायची वा गोठवायची असतील, तर हिशेब बदलतो. कच्च्या पानातील विकरे साठवणीतही काम करीत राहतात. लिपॉक्सिजनेजमुळे कॅरोटीनचा ऱ्हास होतो, इतर विकरांमुळे रंग व वास बिघडतो. येथे आरंभीची थोडी हानी सोसणे शहाणपणाचे ठरते. मात्र अर्धवट ब्लँचिंग न केल्यापेक्षा वाईट, कारण कोमट तापमानात विकरे अधिकच चेवतात. पेरॉक्सिडेज हे विकर उष्णतेला चिवट असल्याने तेच कसोटीला घेतात: ग्वायाकॉल व हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर तांबूस-तपकिरी रंग उमटला, तर प्रक्रिया अपुरी. मेथी किंवा शेवग्याची पाने वाळवणाऱ्या बचत गटांनी उकळत्या पाण्याऐवजी वाफ वापरावी. पोषणद्रव्ये कमी वाहून जातात.

आता अवशेषांकडे. पानाच्या पृष्ठभागावरील स्पर्शजन्य कीटकनाशक धुण्याने व गरम पाण्याने काही अंशी कमी होते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके पानाच्या ऊतींत शिरलेली असतात. तेथे मिनिटभराच्या उकळीवर भरवसा ठेवता येत नाही. पालक, मेथी ही महिना-दीड महिन्याची पिके. मावा दिसला म्हणून फवारायचे आणि चार दिवसांत जुड्या बांधायच्या, ही घाई स्वयंपाकघरात निस्तरत नाही. गृहिणी भीतीपोटी भाजी उकळून पाणी ओतून देते. अवशेष बऱ्याच अंशी राहतात, क जीवनसत्त्व तेवढे मोरीत जाते.

पालेभाज्यांसाठी नोंदणीकृत कीटकनाशके मोजकीच आहेत, ही शेतकऱ्याची अडचण खरी. म्हणूनच कीडरोधक जाळी, निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे आणि लेबलवरील प्रतीक्षा कालावधी यांवर प्रात्यक्षिके व्हावीत. ताज्या भाजीसाठी सल्ला साधा असावा: वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, धुतल्यानंतरच चिरा, थोड्या पाण्यात झाकून शिजवा आणि ते पाणी भाजीतच आटू द्या.