आधी मुक्काम, मग प्रवास



कापसाची वेचणी ओसरू लागली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी प्रवासाच्या गोष्टी निघतात. कोणी शेगावला निघते, कोणी चिखलदऱ्याला. गाडी ठरते, शिदोरी ठरते. रात्रीचा मुक्काम मात्र वेळेवर पाहू म्हणून सोडला जातो. प्रवासाचा विचका होतो तो नेमका तेथे.

आपल्या वाडवडिलांची रीत उलटी होती. चांदूर बाजार तालुक्यात परतवाडा-बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा भरते. ती २० डिसेंबरला सुरू होऊन महिनाभराहून अधिक चालते. पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी तेथे बंड्या-दमण्या सुटत. घरधनी राहुटी ठोकी, बायका तीन दगडांची चूल मांडीत आणि सारे कुटुंब कित्येक दिवस तेथेच राही. आता बैलांच्या जागी मोटारी आल्या, पण राहुट्या पडतातच. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, मातीच्या हंडीत मटण शिजते.

परदेशात याच तऱ्हेच्या जागेला कॅरॅव्हॅन पार्क म्हणतात. कॅरॅव्हॅन म्हणजे निजण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी. ती उभी करायला जागा, पाणी, वीज व न्हाणीघर-संडास तेथे मिळते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याआधी २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आले. म्हणजे रस्त्याकाठी शेत असलेल्या आपल्यासारख्यांना हा एक जोडधंदा होऊ शकतो.

पण त्यासाठी मुक्कामाची जागा चांगली कशाने होते, हे समजले पाहिजे. पुरुष कोठेही अंग टाकतो. बाईमाणसाचे तसे नाही. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आपल्या कितीतरी मायबहिणी प्रवासात दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. लघवी तुंबवून ठेवतात. मग घरी आल्यावर जळजळ, ताप आणि दवाखाना. देवदर्शनाचे पुण्य असे अंगावर निघू नये.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी वाटसरूची ही अडचण ओळखली होती. पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि हाती खराटा घेऊन स्वच्छता शिकविली.

कोणाला शेतात मुक्कामाची सोय करायची असेल, तर इमारतीपासून सुरुवात करू नये. पुढील गोष्टी आधी कराव्या :

१. आतून कडी व दिवा असलेला, पाण्याचा स्वच्छ संडास. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.

२. पिण्याचे पाणी झाकलेले. १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर टाकून अर्ध्या तासाने वापरावे. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पाण्याला कदापि वापरू नयेत.

३. निजायला खाट व मच्छरदाणी. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर निजलेल्यांनाच बहुधा चावते. मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. आवारात गवत, काडीकचरा ठेवू नये.

४. नुकतीच फवारणी झालेल्या पिकाशेजारी पाहुणे उतरवू नयेत. पोरे बोंडाला हात लावणारच.

पाचवी गोष्ट पैशाने मिळत नाही. गाडी थांबताच घरातील कोणी पुढे होऊन “या, पाणी घ्या, न्हाणी त्या बाजूला आहे,” असे सांगावे. अनोळखी जागी बाईला विचारण्याचा संकोच असतो. तो एवढ्याने जातो.

उत्पन्नाचा विचार करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करावी आणि पहिल्या वर्षी दोन-तीन गाड्यांपुरतीच सोय ठेवावी. अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला आणि अकोल्याहून अकोट, अंजनगावमार्गे परतवाड्याला वाहने जातच असतात.

ज्यांना फक्त प्रवासच करायचा आहे त्यांनी यंदा एवढे करावे. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातील लक्ष्मीला विचारावे, “मुक्काम कोठे करायचा?” ती सांगेल ते ठिकाण पक्के करावे आणि मगच गाडीवाल्याला विसार द्यावा.