छत्तीस गुण आणि एक रक्तचाचणी

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या सांताक्रूझच्या घरी चहा-पोह्यांवर भलताच विषय निघाला. भाची म्हणाली, "मामा, उद्या मुलांचे जनुक सुधारता आले, तर ते सुधारून घेणं आईबापांचं कर्तव्यच नाही का?"

प्रश्न तिचा एकटीचा नाही. ज्युलियन सावुलेस्कू नावाच्या तत्त्वज्ञाने २००१ साली मांडलं, की होऊ शकणाऱ्या मुलांपैकी ज्याचं आयुष्य सगळ्यात चांगलं जाईल असं वाटतं, तेच आईबापांनी निवडावं. त्यात नुसते आजार नाहीत, बुद्धीही आली. आज अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणांच्या बुद्धीचे अंदाज विकतातही. (२०१९ च्या एका अभ्यासानुसार दहा भ्रूणांतून निवडूनही सरासरी फायदा अडीचेक बुद्ध्यंकाचा. एवढा फरक तर परीक्षेच्या आदल्या रात्री नीट झोपलं तरी पडत असेल :) )

भाचीचं म्हणणं, क्लास लावतो, गर्भसंस्काराच्या सीडी ऐकतो, मग जनुकांनीच काय घोडं मारलंय? मला फरक दिसतो तो असा, की क्लास मुलाला सोडता येतो. आणि 'चांगलं' म्हणजे काय हे आईबाप कुठे ठरवतात? ते ठरवतात शेजारीपाजारी आणि सासरची मंडळी.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रयोग होऊन गेलाय. गर्भजलाची तपासणी आली ती आजार शोधायला, आणि वापरली गेली मुली शोधायला. १९८८ साली देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याने केला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४ झाल्या. ते सगळे आईबाप काही राक्षस नव्हते हो. बऱ्याच जणांना आपण कर्तव्यच करतोय असं वाटत होतं. उद्या रंग निवडता आला तर काय निवडलं जाईल, हे विवाहविषयक जाहिराती वाचणाऱ्याला सांगायला नको.

पण म्हणून कर्तव्य काहीच नाही, असंही नाही. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय अंगात साठणारं लोह काढायला औषधं. आईबाप दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के. मुंबईत सिंधी, लोहाणा समाजात हे प्रमाण जास्त, पण आपण त्यातून सुटलोय असं मुळीच नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल आहेच. इथे मूल 'वरचढ' करायचं नाहीये, त्याचा त्रास टाळायचाय, आणि त्याला एक साधी रक्तचाचणी पुरते. टेस्ट ट्यूबमधून भ्रूण तपासून घ्यायला लाखांत पैसे लागतात. ते ज्याला परवडेल त्याने खुशाल करावं, पण जे निम्म्या चाळीला परवडणार नाही त्याला कर्तव्य म्हणणं मला पटत नाही. (आपल्या २०२१ च्या कायद्यानेही भ्रूणाची तपासणी आनुवंशिक आजारांपुरतीच ठेवलीय. बरं केलं.)

मधली हद्द धूसर आहे, कबूल. मधुमेहाचं काय, चष्म्याचं काय... भाचीने तिथे मला बरंच पकडलं.

तर यंदा घरात ज्यांची लग्नं ठरतायत त्यांनी छत्तीस गुण जुळवा हवे तर, पण एचबीए२ ची चाचणीही करा. एकाचा रिपोर्ट नॉर्मल आला तर मेजरची भीती नाही. दोघंही मायनर निघालात तर लग्न मोडू नका; गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यातच गर्भाची तपासणी करता येते, तेवढं डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा.