गाय उलटली, कास कोणी पाहिली?

हवेली, दौंड, शिरूर या पट्ट्यात गाय उलटली, म्हणजे भरूनही गाभ राहिला नाही, की पहिला आरोपी ठरलेला असतो, रेतनाची कांडी. दुसरा, ती भरणारा डॉक्टर. ‘कांडीत दम नव्हता’, ‘डॉक्टर उशिरा आला’. तिसऱ्यांदा भरूनही गाभ राहिला नाही की खनिज मिश्रण, मग गर्भाशयाचा इलाज आणि शेवटी बाजाराची वाट. एवढ्या खटाटोपात कासेकडे कोणी वाकून पाहत नाही. दुधाचा हिशेब एका वहीत, रेतनाचा दुसऱ्या. गाय मात्र एकच असते.

दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली की दूध आटतं, सड निकामी होतो, हे गोठ्यावरचं पोरगंही सांगेल. त्यात गाभही जातो, हे फारसं बोललं जात नाही. कासेत जंतू शिरले की सूज आणणारी द्रव्यं रक्तात उतरतात. बीज सुटण्यासाठी लागणारं एलएच हे संप्रेरक मग अडखळतं आणि बीजाशयात इस्ट्रोजेनही कमी बनतं. दगडी जोरात असेल तर प्रोस्टाग्लँडिन वाढून, नुकता राहिलेला गाभ टिकवणारा पीतपिंडच विरघळण्याची भीती असते.

त्याहून कपटी प्रकार सुप्त दगडीचा. कास मऊ, दुधात गाठ नाही, गाय खातेपिते. बिघडते ती रेतनाची वेळ. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा आपला नियम. माज सुरू झाल्यावर साधारण 28 ते 30 तासांनी बीज सुटतं, या हिशेबावर तो बसवलेला आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी अशा सुप्त दगडीच्या गायी तपासल्या, तेव्हा सुमारे 30 टक्के गायींत बीज बरंच उशिरा सुटताना आढळलं. म्हणजे कांडी वेळेवर, डॉक्टर वेळेवर, फक्त बीज वेळेवर नाही. 21 दिवसांनी गाय पुन्हा माजावर येते आणि शिव्या डॉक्टरला बसतात.

अमेरिकेतल्या टेनेसीत जर्सी गायींच्या नोंदींवरून 1998 मध्ये आलेले आकडे बोलके आहेत. निरोगी गायींना गाभ राहायला सरासरी दोनहून कमी वेळा रेतन लागलं. पहिल्या रेतनानंतर दगडी झालेल्यांना 2.9 वेळा. आपल्याकडचे आकडे तेच असतील असं नाही, पण दिशा तीच.

मान्य, उलटणारी प्रत्येक गाय दगडीचीच नसते. चारा कमी पडतो, उन्हाळा बाधतो, गर्भाशयाचे आजार असतात. पण ते तपासायला पैसे आणि दिवस लागतात. कास तपासायला मिनिटं पुरतात. चार कप्प्यांची प्लास्टिकची पळी घ्यायची. पहिल्या एक-दोन धारा सोडून द्यायच्या, मग प्रत्येक सडाचं थोडं दूध आपापल्या कप्प्यात. तेवढंच तपासणीचं जांभळं द्रावण ओतून पळी गोल फिरवायची. तीन कप्पे पातळ राहिले आणि चौथा चिकट, दाट झाला, की चोर सापडला. ही तपासणी 1957 पासून जगात आहे, नवलाईची नाही. चोर सापडला म्हणून मनाने ट्यूब सोडू नका. कोणता जंतू, कोणतं औषध, हे पशुवैद्याला ठरवू द्या.

मग कासेकडे लक्ष का जात नाही? डेअरीवर भाव ठरतो 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर. युरोपात, दगडीत वाढणाऱ्या दुधातल्या पेशींची मर्यादा मिलिलिटरला 4 लाख अशी ठरलेली आहे. आपल्या बहुतेक संकलन केंद्रांवर पेशी कोणी मोजतच नाही. ज्याचे पैसे कापले जात नाहीत, त्याची काळजी शेतकऱ्याने का घ्यावी? खरं तर पैसे कापले जातातच, फक्त ते रेतनाच्या वहीत आणि लांबलेल्या भाकड काळात जातात.

मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ उभी केली. रेतन शेतकऱ्याच्या दारात न्यायचं, हा त्या संस्थेचा मोठा धडा. पुणे जिल्ह्याने तो चांगलाच गिरवला. आता त्याच दारात आणखी एक गोष्ट पोहोचायला हवी. सरकारी असो, संस्थेचा असो की खासगी, कांडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या पेटीत ती चार कप्प्यांची पळी असावी आणि दुसऱ्यांदा उलटलेली गाय कास तपासल्याशिवाय भरू नये. तो पळी काढत नसेल, तर शेतकरी मित्रांनो, तुम्ही मागा.