छायाचित्रांच्या चुकलेल्या वेळा

पूर्वीं घराण्याची हकीकत वहींत लिहून ठेवीत; आतां ती छायाचित्रांच्या रूपानें सांठत असते. परंतु शक-मिति चुकलेली हकीकत जशी भरंवशाची नव्हे, तशींच तारीख चुकलेलीं छायाचित्रेंही. डिजिटल कॅमेरा चित्र टिपतांना त्याच फाइलींत दिवस व वेळ नमूद करतो. ह्या दडलेल्या नोंदीस मेटाडेटा म्हणतात, आणि ती करण्याची ‘एक्सिफ’ नांवाची पद्धति जपानांत १९९५ सालीं ठरली. नोंद आपोआप होते खरी. पण ती कॅमेऱ्यांतील घड्याळ सांगेल तेंच लिहिते.

समजा, मालवणकडील एका घरीं गणेशचतुर्थीस सर्व भावंडें जमलीं आहेत. मुंबईच्या भावाजवळ मोबाइल आहे, न्यूयॉर्कहून आलेल्या पुतण्याजवळ तिकडील वेळेचा कॅमेरा आहे, आणि काकांनीं बॅटरी पार उतरलेला जुना कॅमेरा कपाटांतून काढला आहे. ७ सप्टेंबर २०२४ रोजीं सकाळीं नऊ वाजतां झालेली प्राणप्रतिष्ठा मोबाइलांत बरोबर नोंदली गेली. त्या ऋतूंत न्यूयॉर्कचें घड्याळ आपल्यामागें साडेनऊ तास असतें; म्हणून पुतण्याच्या चित्रांत तीच पूजा ६ तारखेस रात्रीं साडेअकरा वाजतां, म्हणजे हरतालिकेच्या रात्रींच उरकलेली दिसते! काकांच्या कॅमेऱ्यानें तर ती कोणत्या तरी जुन्या सालच्या १ जानेवारीस नेऊन ठेवली. तिघांचीं चित्रें एकत्र करतांच विसर्जन आधीं व आगमन मागून, असा घोटाळा होतो. कोणत्या देशाची वेळ, हें लिहिण्यास ‘एक्सिफ’ मध्यें २०१६ पर्यंत स्वतंत्र जागाच नव्हती, आणि आजही पुष्कळ कॅमेऱ्यांत ती रिकामीच राहते.

ह्यावर उपाय कठीण नाहीं. प्रत्येक चित्र निराळें सुधारीत बसूं नये. दोन घड्याळांतील अंतर काढावें. एकच क्षण मोबाइलांत व कॅमेऱ्यांत टिपला गेला असेल, तर दोहोंच्या वेळांची वजाबाकी हेंच तें अंतर. तें त्या कॅमेऱ्याच्या सर्व चित्रांत एकदम मिळवावें. फिल हार्वे ह्यांनीं २००३ पासून चालविलेलें ‘एक्झिफटूल’ हें विनामूल्य साधन हें काम हजारों चित्रांवर करतें. मात्र मूळ फाइलींची प्रत आधीं काढून ठेवावी. मध्येंच बॅटरी बदलली असल्यास तेथून पुढचें अंतर निराळें धरावें. आणि पुतण्या नाताळांत आला असेल, तर साडेनऊऐवजीं साडेदहा तास मिळवावे.

ताडून पाहण्यास दुसरें घड्याळ नसेल, तर चित्रांतच साक्षीदार शोधावे. मालवणच्या समुद्रांत सूर्य मावळतो, उगवत नाहीं. तेव्हां लाटांवर टेकलेला सूर्य सकाळीं आठचा असणें शक्य नाहीं. मालवण आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या सुमारें नऊ अंश पश्चिमेस असल्यामुळें तेथें सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, साधारण साडेबाराच्या पुढें. वास्तूही साक्ष देतात. राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या पहिल्या पुतळ्याचें अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजीं झालें व तो २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. नव्या पुतळ्याचें अनावरण ११ मे २०२५ रोजीं झालें. पहिला पुतळा उभा दिसत असलेल्या चित्रावर २०२५ ची तारीख असेल, तर ती निःसंशय चुकीची.

खरी काळजी आहे ती जुन्या कागदी छायाचित्रांची. तीं स्कॅन केलीं कीं त्यांवर स्कॅन केल्याचा दिवस चढतो, आणि कैक वर्षांपूर्वीं निवर्तलेले आजोबा कालपरवां ओटीवर बसलेले ठरतात. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें आलेल्या चित्रांतून तर मूळ नोंद गळूनच जाते. येथें कोणतेंही यंत्र उपयोगी नाहीं. “हा फोटो अमक्याची मुंज झाली त्या सालचा, तेव्हां मागचें न्हाणीघर बांधलें नव्हतें,” हें सांगणारी आजी किंवा आत्या हाच एकमेव पुरावा, आणि तो दरसाल क्षीण होत आहे. त्यांच्याजवळ बसून विचारावें, सांगतील तें त्यांच्या नांवासह चित्राच्या टिपणांत लिहावें. नुसतें सालच ठाऊक असेल तर तेवढेंच लिहावें. ‘सुमारें १९६०’ असें लिहिण्यांत कमीपणा नाहीं. यंत्र पूर्ण तारीख मागतें म्हणून १ जानेवारी घालावी लागली, तर दिवस व महिना कल्पित असल्याचें टिपणांत नमूद करावें. नाहींतर नातवंडें उद्यां तोच दिवस खरा धरून चालतील.

येत्या चतुर्थीस घर भरेल तेव्हां आरतीपूर्वीं सर्वांनीं आपापल्या कॅमेऱ्यानें एकाच मोबाइलावरील घड्याळाचें एकेक चित्र घ्यावें, आणि दुपारचीं पानें उठल्यावर जुना आल्बम घेऊन वडील मंडळींजवळ बसावें, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.